कुंदाचा गुंड

"आ करा, मोठ्ठा," टेकाम मॅडम म्हणाल्या, आणि छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुंदा ठावरीने परक्या माणसापुढे तोंड उघडलं.

सावळदऱ्यात तोंड उघडणं ही साधी गोष्ट नव्हे. पैनगंगेपासून अर्ध्या कोसावरचं हे गाव. इथली बाई हसते ती पदराआड, बाप्या हसतो तो मिशीत, आणि लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी दोघंही ओठ घट्ट मिटून उभी असतात, कुणी दम दिल्यासारखी. कारण दात. पिवळे, तपकिरी, मधूनच खडूसारखे पांढरे ठिपके, काहींचे कडेने कुरतडलेले. ज्याच्या त्याच्या तोंडात तेच म्हटल्यावर लाजायचं कुणाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, पण सोयरीक काही गावातल्या गावात होत नाही! पाहुणे बाहेरून येतात आणि पोहे खाता खाता त्यांची नजर बरोबर तिथेच जाते.

त्यातून हिचं नाव कुंदा. बापाने हौसेने ठेवलेलं. कुंदकळ्यांसारखे दात असं आपण म्हणतो ना? गुरुजींनी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी सगळी पोरं मागे वळून हिच्याकडेच बघत बसली होती. पुढे तीन स्थळं आली, तिन्ही "कळवतो" म्हणून गेली आणि एकानेही कळवलं नाही. मग कुंदाने तो विषयच बंद केला. गावच्या अंगणवाडीत लागली आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसली.

आता, २०४६ साली, तिला दातांचं काही वाटत नव्हतं. प्रश्न हाडांचा होता. मान वर होत नव्हती. कंबर वाकत नव्हती. अंगणवाडीतलं लेकरू रडलं तर त्याला उचलून घेता येत नव्हतं, त्यालाच खुर्चीवर चढून तिच्या गळ्यात पडावं लागे.

या सगळ्याच्या मुळाशी होतं पाणी. खोल कातळात फ्लोराइड नावाचं खनिज असतं. थोडं पोटात गेलं तर दातांना बरंच, पण जास्त झालं की घात. जितकं खोल बोअर माराल तितकं ते पाण्यात जास्त विरघळून येतं. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, उलट पाणी काचेसारखं नितळ लागतं. लहानपणी ते बनत्या दातांत शिरून डाग पाडतं आणि नंतर वर्षानुवर्षं हाडांत साचत जातं. सांधे, मणके, त्यांना बांधणारे पट्टे हळूहळू कडक होतात, आणि चालतंबोलतं माणूस बांबूसारखं ताठ होऊन बसतं.

त्याच्यावर आता औषध निघालं होतं. मोठं नाव कुणाच्या लक्षात राहतंय, लोकांनी त्याला 'हाडधुणी' म्हणायला सुरुवात केली. आपलं हाड रोज थोडं मोडतं आणि थोडं नवं बांधलं जातं. त्या मोडतोडीत हे औषध फ्लोराइडला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पण एक मोठी गोम होती. हाडात नेमकं किती साचलंय आणि कुठल्या वयापासून, हे कळल्याशिवाय मात्रा ठरवता येत नव्हती. मात्रा चुकली की एकदम सगळं सुटणार आणि किडनी बसणार. आणि हाडाला विचारावं तर त्याला काही आठवत नाही, ते रोज नवं होत असतं.

आठवतं ते दाताला. दाताचं वरचं कवच आणि खालचं मूळ लहानपणी एकदाच तयार होतं. रोज एक बारीक थर, भिंतीवर सारवणावर सारवण चढावं तसा. एकदा बसलेला थर मरेपर्यंत बदलत नाही. टेकाम मॅडमच्या यंत्राची पेन्सिलीएवढी दांडी दाढेला टेकवली की प्रकाशाचा धागा थराथरातून फिरे आणि त्या त्या दिवशी पोटात गेलेलं पाणी नदीचं की खोल कातळाचं, हे पडद्यावर पट्टीत दाखवे. नदीचं असलं की निळी पट्टी, कातळाचं असलं की तपकिरी.

टेकाम मॅडम पलीकडच्याच तालुक्यातल्या. नागपुरात डॉक्टरकी करून परत आल्या होत्या, आणि हसल्या की त्यांचेही दात तपकिरी दिसत. त्या मात्र बिनधास्त हसत. त्यामुळेच कुंदाने तोंड उघडलं, नाहीतर कुठली उघडते!

हे यंत्र आल्यापासून गावात वेगळीच गंमत चालली होती. आलं होतं औषधाची मात्रा ठरवायला आणि लागलं घराघरांत भांडणं लावायला. आईच्या दुधात फ्लोराइड जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे मूल किती दिवस अंगावर पीत होतं तेही दाढेत दिसे. साठीचे बळीराम मोहितकर पाच महिन्यांचे असतानाच वरच्या पाण्यावर आले होते, आणि त्यांच्या धाकट्या भावाला मात्र पक्की दोन वर्षं आईचं दूध मिळालं होतं. झालं! दोघं म्हातारे पारावर एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. एका सुनेने तर सासूपुढे नातवाचा रिपोर्टच आपटला. "फिल्टरचंच पाजतो म्हणत होत्या न तुम्ही? पाहा, पोराचा दात काय म्हणते!"

लोक हसत होते, चिडत होते आणि तरी रांगेत उभे राहत होते. मेलेल्या माणसाला विचारायचं राहून गेलेलं काहीतरी प्रत्येकाच्या मनात असतंच.

कुंदाच्याही मनात होतं. पन्नास वर्षांपासून तेच एक होतं.

तिच्या घरात पाण्याची दोन भांडी असत. एक मातीचा माठ आणि एक गुंड. गुंड म्हणजे पुण्या-मुंबईचा नव्हे हो, आमच्याकडे पितळेच्या पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात. त्याच्या तोंडाला माय पांढरंशुभ्र फडकं बांधून ठेवायची. कुंदाला पाणी मिळे ते गुंडातलं. तिच्याहून दोन वर्षांनी लहान प्रमिला, घरातली पमी, ती प्यायची माठातलं. उन्हातून आलं की कुंदाला माठ खुणावे. ओला, गार, मातीच्या वासाचा. एकदा पाचेक वर्षांची असताना तिने हळूच माठात पेला बुडवला, आणि मागून माय आली. फाडकन हातावर चापट बसली. पेला घरभर गडगडत गेला.

"त्याले हात लावू नको! थे तुह्यं नाही. पमीचं हाय."

तहान कसली, ती तर गुंडाने भागायची. पण त्या माठासाठी कुंदा आयुष्यभर तरसली. कारण पुढे ती नऊ वर्षांची असताना सरकारी माणसं आली, चौकातल्या बोरिंगचं, म्हणजे हातपंपाचं पाणी तपासलं आणि त्याला लाल रंग फासून गेली. प्यायला नको, विष आहे म्हणाले. गुंडातलं पाणी बोरिंगचं होतं. माठातलं नदीचं.

पमीचे दात दुधासारखे पांढरे होते. लग्न वर्ध्याला झालं, नवरा शिक्षक. आयाबाया म्हणत, "पमीच्या मायची अक्कल पाहा व, पोरीले नदीचंच पाजलं." माय हे ऐकून खाली मान घालायची. हो नाही की नाही नाही. आणि कुंदा एखाद्या गोष्टीवर विसरून खळखळून हसली, की माय चटकन तोंड फिरवायची. तिला माझे दात बघवत नाहीत, कुंदाला वाटायचं. एक लेक वाचवली, दुसरी विषावर ठेवली, आणि आता तिचं तोंडही बघवत नाही.

माय जाऊन बारा वर्षं झाली होती. तेरवीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, पमी म्हणाली, "ताई, मायची आठवण म्हणून थो गुंड नेऊ का व मी?" कुंदाचा बांध फुटला. "चांगलं पाणी तुले, विष मले. अन् आता भांडंबी तुलेच पाह्यजे?" सगळ्या पाहुण्यांपुढे. पमी त्याच पावली गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं नव्हतं, आणि गुंड माळ्यावर धूळ खात उपडा पडला होता.

कुंदाच्या पहिल्या दाढेचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. वयाच्या चार वर्षं दोन महिन्यांपर्यंत पट्टी निळी होती, म्हणजे नदीचं पाणी. मग एक जाड काळी रेघ. तिच्यापुढे दाढ संपेपर्यंत सलग तपकिरी, बोरिंगचं.

"आधी नदीचं होतं?" कुंदाने हा हिशेब कधी केलाच नव्हता. "म्हणजे मायनं देता देता बंद केलं?"

"तसं दिसते खरं," टेकाम मॅडम म्हणाल्या. "आता तुमची अक्कलदाढ वाचावी लागन. ती नऊ ते पंधरा वर्षांत बनते. बोरिंग कधी सुटलं थे तिच्यात दिसते. अन् घरातल्या दुसऱ्या कोण्या भावंडाची दाढ भेटली तर ताडून पाहता येईन. बहीण हाय न तुमची?"

कुंदा म्हणाली, "तिच्या दाढेत निळंच निघालं तर?"

"तर काय?"

"तर मायनं मले जाणून टाकलं, हे पक्कं होईन न, बाई. आत्तापर्यंत निस्ता संशय होता. संशयात जराशी जागा असते."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे यंत्र पाणी सांगते, कुंदाताई. माणसाच्या मनातलं नाही सांगत. औषधाले बहिणीची दाढ लागतेच असं नाही. नका बोलावू वाटलं तर."

पण आता माघार घेणं कुंदाला जमेना. पन्नास वर्षं जे गिळलं ते एकदाचं बाहेर येऊ दे, असं तिला झालं होतं. दुपारी लेकरं झोपल्यावर तिने अंगणवाडीच्या पायरीवर बसून फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं.

"पमे, मी बोलते."

"ताई?" पलीकडे आवाज लगेच ओळखला गेला. मग पमी म्हणाली, "येऊ का व मी?" काय काम आहे, कशाला, काही विचारलं नाही. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने पमी उतरली. केस पिकलेले, अंगाने भरलेली, पण चालणं तेच, लहानपणीचं, धावतपळत. कुंदाला मान वर करून नीट बघता येईना. म्हणून पमीच खाली वाकली, आणि दोघींचे चेहरे एका पातळीत आले. बोलायचं बरंच होतं, पण सुरुवात कोण करणार? दोघी तशाच टेकाम मॅडमकडे गेल्या.

दोघींच्या दाढा वाचून झाल्या. मॅडमनी पडद्यावर तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या.

पमीची दाढ निळी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, निळीच निळी.

"झालं," कुंदा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "आता कागदावर आलं. एका घरात, एका चुलीवर, तुले नदी अन् मले बोरिंग. काहून व? काय केलं होतं मी मायचं?"

पमी रडायला लागली. "ताई, मले नाही माहीत. मी तं तेव्हा एवढीशी. मले इतकंच आठवते का मले थे माठातलं पाणी बिलकुल नाही आवडे."

"नाही आवडे?"

"गढूळ राहे व थे! माय तुरटी फिरवे, तरी तळाले चिखल अन् कसला तरी वास. मले तुह्या गुंडातलं पाह्यजे होतं. पांढरं फडकं बांधलेलं, काचेसारखं. एकदा फडकं सोडून पेला बुडवला तं मायनं अशी चापट मारली का बोटं उमटली. 'थे ताईचं हाय,' म्हणे. 'ताईचंच हाय.'"

कुंदाने बहिणीकडे पाहिलं. "तुले बी मारलं?"

"तं! तेरवीले गुंड काहून मागतला होता मी? जन्मात एकदा त्याच्यातलं पाणी प्यायचं होतं मले. बस."

मग टेकाम मॅडमनी पडद्यावरच्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "कुंदाताई, त्या दिवशी तुम्ही लवकर उठून गेल्या, हे सांगायचं राहूनच गेलं. ही रेघ आजाराची हाय. लेकरू मरणाच्या दारात जाऊन आलं का दाताचं काम काही दिवस थांबते, अन् अशी रेघ पडते. चार वर्षांच्या असताना तुम्हाले काय झालं होतं?"

"हगवण," कुंदा सावकाश म्हणाली. "गावात साथ आली होती. आजी सांगे, दोन लेकरं गेली म्हणे गावातली. माह्याबी आशा सोडली होती. डॉक्टरनं सांगतलं होतं, नदीचं पाणी..." आणि ती मध्येच थांबली.

"आणि बोरिंग कोण्या साली बसलं?"

हे तर गावात सगळ्यांनाच पाठ होतं. त्याच उन्हाळ्यात. नारळ फुटला होता, सरपंचाने पहिला दांडा मारला होता, बायांनी पंपाला हळदीकुंकू वाहिलं होतं. सगळं गाव म्हणत होतं, आता नदीचं घाण पाणी नको, सरकारने शुद्ध पाणी दिलं. धार बारीक म्हणून घरटी रोज एकच गुंड भरू देत. त्या एका गुंडासाठी माय पहाटेपासून नंबर लावून उभी राहायची. लाल रंग तर त्यानंतर पाच वर्षांनी लागला. फ्लोराइड हा शब्द तोवर गावात एका माणसाने ऐकलेला नव्हता.

एक गुंड चांगलं पाणी आणि दोन लेकी.

"रेघेनंतर आठव्या दिवसापासून बोरिंग सुरू होते," मॅडम म्हणाल्या, "अन् पाच वर्षांत एक दिवस खाडा नाही."

कुंदाने पमीचा हात धरला. "मलेच दिलं होतं व तिनं चांगलं पाणी," ती म्हणाली. "पमे, तुह्या तोंडचं काढून मले दिलं होतं."

"अन् ही पाहा अक्कलदाढ," मॅडम म्हणाल्या. तिसरी पट्टी निळीशार होती. "लाल रंग लागला त्या दिवसापासून नदी. गावातल्या एवढ्या अक्कलदाढा पाहिल्या मी, सगळ्यांच्यात लाल रंगानंतरबी बोरिंग हाय. दुसरं पाणी होतंच कुठं? अन् उन्हाळ्यात नदी तर आटून जाये. पण तुमच्या दाढेत सहा उन्हाळ्यांत एक दिवस बोरिंग नाही."

"झिरे," पमी एकदम म्हणाली. "आठवते काय ताई? माय भर उन्हाची जाये नदीत. कोरड्या वाळूत हातानं खड्डा करे, झिरा. वाटीवाटीनं घागर भरे. नखं फुटली होती तिची."

कुंदाला आठवत होतं. मायची फुटलेली नखं आठवत होती, आणि ती कशासाठी फुटली हे तिने कधी विचारलं नव्हतं. पुढे मायचीच कंबर गेली, नदी लांब झाली, घर पुन्हा बोरिंगवर आलं. तेव्हाही मायलेकी एका खोलीत बसायच्या आणि हा विषय दोघींच्या मध्ये पडून असायचा. आयाबाया मायच्या अकलेचं कौतुक करायच्या तेव्हा ती मान खाली का घालायची? तिचं तिला माहीत होतं, आपण कुणाला वाचवायला गेलो आणि कुणाला विष पाजलं ते.

"मी हसली का तोंड फिरवे ती," कुंदा म्हणाली. "मले वाटे, किळस येते. तिले रडू येत असन व, पमे. आपल्याच हातानं केलं म्हणून. अन् मी तिले एका शब्दानं विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तं मोकळी झाली असती न ती!"

ती रडली. ताठ मणक्याच्या माणसाला धड रडताही येत नाही, सगळं अंग एकदम हलतं. पमीने तिला धरून ठेवलं. मायला आता काही सांगता येणार नव्हतं. ती तळमळ कुंदाची कायमचीच होती, आणि हाडधुणीने धुतली जाणाऱ्यातली नव्हती.

घरी आल्यावर पमी शिडी लावून माळ्यावर चढली. गुंड खाली आणला, चिंचेने घासला, राखेने उजळला. बुडाशी मायने ठोकून घेतलेलं नाव अजून होतं. लोक भांड्यावर घरधन्याचं नाव घालतात, तिने घातलं होतं 'कुंदा'. वापरात होता तोवर माय तो दुसऱ्या कुणाला घासू देत नसे. मग इतकी वर्षं तो उपडा होता, आणि ज्याची मान वर होत नाही त्याला माळ्यावरच्या भांड्याचं बूड दिसणार कसं?

औषध सोमवारपासून सुरू व्हायचं होतं. सहा महिने बोरिंगचा थेंब चालणार नव्हता, नदीचं गाळलेलं पाणीच प्यायचं. पमीने फोन करून घरी कळवलं, "मी राहते सहा महिने इथंच. तुमचं तुम्ही पाहा." मग तिने गाळलेल्या पाण्याच्या टाकीवरून पाणी आणलं, तेच अर्धं माठात ओतलं आणि अर्धं गुंडात, आणि गुंडाला पांढरं फडकं बांधलं.

चुलीपाशी दोघी बसल्या, कुंदा खुर्चीवर, पमी खाली. कुंदाने माठात पेला बुडवला. हात जरा थबकला, पन्नास वर्षांपूर्वीची चापट अजून बोटांत होती. मग ती प्यायली. गार होतं, मातीचा वास होता. पमीने फडकं सोडलं, गुंडातून पेला भरला आणि डोळे मिटून घोट घेतला.

"कसं हाय व?" कुंदाने विचारलं.

पमीने तोंड वाकडं केलं. "पितळेचा वास येते."

आणि कुंदा हसली. पदर न घेता, तोंडभर, सगळे तपकिरी दात दाखवत खळखळून हसली, आणि पमी शेवटपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. तिने तोंड फिरवलं नाही.